नखावरचं काजळ

२ ऑक्टोबर १९६१, सोमवार. आरोंदा.

हिंग आणायला गेले आणि देवदूत घेऊन आले!

गांधी जयंतीची सुट्टी, म्हणून बांद्याच्या बाजाराला गेले होते. वाण्याने हिंग बांधायला इंग्रजी पुस्तकाचं पान टरकन फाडलं. माझ्या अंगावर काटाच आला — "अहो, थांबा!" गोव्यातल्या कुणा भाटकार जमीनदाराच्या घरची रद्दी म्हणे, हद्द बंद व्हायच्या आधी इकडे आलेली. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, लेखकाचं नाव कुणाच्या तरी गुळाला चिकटून गेलं. उरलेलं बाड वाण्याने तसंच माझ्या पिशवीत टाकलं. इंग्रजी वाचणारी बाई बघून त्याची करमणूक झाली.

एस.टी.त बसून चाळलं. विषय काय, तर देवदूतांची जादू! तिची भाषा, तिचा इतिहास! कर्म माझं. आमच्या गावात भुतं उतरवणारे घाडी आहेत, कौल आहेत, अंगात येणारे आहेत. तेवढं पुरत नव्हतं म्हणून आता साहेबाचे देवदूत.

वाचणार मात्र आहे. मूर्खपणा इंग्रजीत कसा दिसतो ते तरी कळेल.

५ ऑक्टोबर

शाळेतून आल्यावर पडवीत बसून वाचलं. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. विलायतेत राणीच्या पदरी एक मोठा पंडित होता. गणित येई, नकाशे येत, घरात एवढी पुस्तकं की राणी स्वतः बघायला आली. आणि हा विद्वान काय करी? काचेच्या गोळ्यातून देवदूतांशी बोले! त्याला स्वतःला गोळ्यात काही म्हणजे काही दिसत नसे. म्हणून दिसणारा माणूस ठेवला. त्याचे कान खोट्या कागदपत्रांपायी कापले होते अशी वदंता, म्हणून तो कायम काळी टोपी घाली. तो गोळ्यात बघणार, सांगणार, आणि पंडित लिहून घेणार. नावं लक्षात ठेवायचे कष्ट मी घेत नाही. पंडिताला पुस्तकात डॉक्टर म्हटलंय, तो डॉक्टर; दुसरा कानकाप्या. झालं.

देवदूतांनी म्हणे आपली भाषाही शिकवली. स्वर्गाच्या बागेत पहिला माणूस बोलायचा ती. चौकोनांचे मोठाले तक्ते, त्यात अक्षरं, आणि कानकाप्या एकेक अक्षर सांगतो आहे. काही मंत्र तर उलटे सांगितले, शेवटच्या अक्षराकडून — सुलटे उच्चारले तर शक्ती एकदम जागी होईल म्हणून! नमुने वाचून बघितले. तोंडात सुपारी धरून भांडल्यासारखं वाटतं. आणि वाक्यांची ठेवण पाहावी तर इंग्रजी. देवदूतसुद्धा साहेबाच्याच शाळेत शिकले!

आई दारात येऊन म्हणाली, "कसला गो ता पुस्तक? एकटीच हसतंस ती?"

"मूर्ख लोकांचं," म्हटलं.

"मगे आमचा काय आसा काय तेच्यात?"

मी पान उलटलं. आईशी मी शुद्धच बोलते. मास्तरणीने घरात एक आणि शाळेत एक बोलायचं, हे मला पटत नाही.

९ ऑक्टोबर

सर्वपित्री. म्हाळ. भटजींनी नावं विचारली. आजोबा, बाबा... आणि मग नुसतेच आईकडे बघत राहिले. आईही घुटमळली. दोघांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं!

"दत्ताराम जिवंत आहे," मी ठणकावलं. "जिवंत माणसाचा पिंड घालता?"

भटजींनी खाली मान घातली. आईने जादा मांडलेलं पान उचललं.

दत्ता माझा धाकटा भाऊ. पंचावन्न सालच्या पंधरा ऑगस्टला गोवा सोडवायला सत्याग्रहींच्या तुकड्या गेल्या, तेव्हा हाही खाडी ओलांडून गेला. किरणपाण्याच्या धक्क्यावरून बाबलीच्या होडीने. परत आला नाही. बाबली आला. दुसऱ्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "दत्तो पडलो, बाईनू. गोळी लागान पलीकडच्या काठार पडलो." मी विचारलं, किती लांबून बघितलंस? पाऊस होता की नाही? आणि तू घेतली होतीस की नाही? घेतली होती. मग? पुन्हा कधी माझ्यासमोर तो विषय काढला नाही त्याने.

प्रेत नाही, कागद नाही, साक्षीदार तर्र. याला पुरावा म्हणतात? पकडलेले सत्तावन्नात सुटून आले, त्यांत दत्ता नव्हता, हे खरं. मी चौकशी केली, या नावाचा कैदी नाही असं कळलं. नाव बदलून सांगितलं असेल! हुशार आहे तो. गोवा सुटेल त्या दिवशी येईल.

म्हाळाची खीर आंबट लागली.

११ ऑक्टोबर

सकाळी सकाळी बाबली लाथ मागायला हजर!

मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले. हा माझा अपराध गाव विसरत नाही. कुणाच्या कमरेत उसण भरली की आलाच — "बाईनू, जरा पाय लावा." पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते म्हणे. ट्रेनिंग कॉलेजात पहिली आले ते कुणाला ठाऊक नाही, पायाकडून आले ते पंचक्रोशीला ठाऊक!

बाबली होडी ओढताना लचकला होता. पडवीत ओणवा झाला. मी मारली. चांगली सणसणीत. खोटं कशाला लिहू, मला मजा येते. माझ्या स्वभावाला साजेसं एवढं एकच काम गावाने मला दिलंय.

"जोरात मारलात, बाईनू!"

"गुण हवा ना?"

नंतर तो आईपाशी चुलीजवळ बसून हळूहळू काहीतरी बोलत होता. मी गेले तर दोघं गप्प. चहा पिऊन गेला. ताठ चालत गेला, हेही लिहायला हवं.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज कळलं कसली कुजबुज ती. आईला अंजन लावायचं आहे! बाळा घाडी काजळ घालणार, पायाळू माणसाने त्यात बघायचं, हरवलेला माणूस कुठे आहे ते दिसतं. आणि गावात पायाळू कोण? मीच!

"आई, मी शाळेत मुलींना शिकवते की ग्रहण कसं लागतं."

"ता शिकव मा. हेच्यात तुझी शाळा खंय इली?"

"मी असल्या थोतांडात बसणार नाही."

आई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तांदूळ निवडत राहिली.

१९ ऑक्टोबर. दसरा.

सोनं वाटलं. आई नीट जेवली नाही.

२३ ऑक्टोबर

पुस्तकात मजेशीर सापडलं. कानकाप्या गोळ्यात बघू लागला की आधी त्याला एक पडदा दिसे. पडदा सरला की देवदूत येत. आणि आमचं अंजन? आईनेच सांगितलं: आधी झाडूवाला येतो, जागा झाडतो. मग पाणी शिंपडणारा. मग आसन मांडलं जातं. मग मारुतीराया येतात, त्यांना विचारायचं. अगदी तस्संच! फक्त आमच्याकडे साफसफाई जास्त.

पुढे तर कहर. हे दोघं बायकापोरं घेऊन परमुलखात गेले, आणि तिथे कानकाप्याने सांगितलं, देवदूतांची आज्ञा झाली आहे — आपण दोघांनी बायकासुद्धा सामाईक ठेवायच्या! आणि डॉक्टर? रडला, कुढला, आणि कबूल झाला! लिहून सह्या केल्या! बायकांना कुणी विचारलं असेल म्हणता? सह्या करायला लावल्या म्हणे.

कानकाप्याचा मला राग येत नाही. लबाड माणूस, लबाडीवर जगला. राग येतो तो डॉक्टरचा. एवढी विद्या, एवढी पुस्तकं, आणि समोरचा माणूस आपल्याला हवं तेच सांगतोय हे कळू नये? की ऐकायचंच होतं? अशा विद्वानाला माझ्याकडे पाठवा. उसण नसली तरी लाथ मारते.

२९ ऑक्टोबर, रविवार

आईने पुस्तकाची पानं फाडून सुक्या बांगड्यांच्या डब्यात तळाशी घातली! मी ओरडले. ती म्हणाली, "मूर्खांचा पुस्तक ना ता? तूच म्हटलंस."

गंमत म्हणजे उरलेल्या पानांत काय वाचावं! डॉक्टर मेल्यावर त्याचे कागद एका पेटीच्या चोरकप्प्यात राहिले. पुढे पेटी ज्यांच्याकडे गेली त्यांच्या मोलकरणीने देवदूतांची अर्धीअधिक पानं भट्टीतल्या पदार्थांखाली घालून जाळली. शाबास! साऱ्या पुस्तकात शहाणी बाई ती एक.

आई बारीक झाली आहे. भात चिवडते आणि गाईला घालते. चोळीची बाही दंडावर सैल लोंबते. आज संध्याकाळी माझ्या पायाशी येऊन बसली. सत्तरीची बाई माझ्या पायाशी!

"एकदाच बघ, जानके. दिसलो तर दिसलो म्हण, नाय तर नाय म्हण. काय खरा ता सांग. तू खोटा बोलणस नाय, म्हणान तुका सांगतंय. मगे परत मी तेचा नाव काढूचंय नाय."

दिवाळी झाल्यावर बसते म्हटलं. स्वतःचीच लाज वाटते आहे.

१२ नोव्हेंबर, रविवार

झालं एकदाचं. सगळं लिहिते.

बाळा घाडी सकाळीच आला. त्याची टोपीही काळीच. कान मात्र शाबूत. माजघराच्या खिडक्या लावल्या, समई पेटवली. एरंडेलात खललेलं काजळ माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखावर फासलं. म्हणाला, पापणी लववू नका. मग देवाला गाऱ्हाणं घातलं, लांबच लांब, बारा गावांच्या देवांना बोलावून. आई भिंतीला टेकून बसली होती.

"झाडूवालो इलो?"

काजळ होतं. त्यात समईच्या ज्योतीचा ठिपका. बाकी काही नाही. लवकर संपावं म्हणून म्हटलं, "आला."

"पाणी शिंपडणारो?"

"आला."

आसनही आलं. मारुतीरायाही आले. मनात म्हटलं, जानकीबाई, तुमचे कान सांभाळा!

"आता इचारा, दत्ताराम खंय आसा?"

मी मान वर केली. 'काही दिसत नाही' हे शब्द ओठांवर होते, शपथेवर सांगते. तेवढ्यात आई दिसली. डोळे घट्ट मिटलेले, हातात पदराचा बोळा, ओठ हलताहेत. इतकी लहान दिसत होती. वाटलं, मी 'नाही' म्हटलं की ही इथेच मरेल.

"दिसला," मी म्हटलं.

बाळा घाडी माझ्याकडे बघतच राहिला. एवढ्या वर्षांत कुणाला काही दिसल्याची त्याची पहिलीच वेळ असावी!

"दगडी भिंत आहे. वर झरोका. दाढी वाढली आहे. बसला आहे."

आईने डोळे उघडले. "काय म्हटलंस?"

"दिसला, आई. जिवंत आहे."

"दत्तो?"

"हो."

आनंद असा दिसतो? कुणी थोबाडीत मारल्यासारखी ती बघत होती. मग उठून परसात गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

नख साबणाने घासलं. काळी कड राहिलीच.

१३ नोव्हेंबर

आईने दोन वेळा भात मागून घेतला. बघा किती सोपं! काजळाचा एक ठिपका आणि दोन वाक्यं. डॉक्टर असेच गटवले जात असणार.

१९ नोव्हेंबर

प्रश्न संपत नाहीत. भिंत कसल्या दगडाची? बारीक झालाय? डोक्यावरचे केस? कपाळावरची खोक दिसली? लहानपणी फणसावरून पडला होता ती.

मी सांगत सुटते. चिऱ्याची भिंत. थोडा बारीक. केस आहेत. खोक दिसली. काल सांगितलेलं आज विसरून चालत नाही! कानकाप्याच्या धंद्यात मेहनत होती हे मान्य करावं लागेल.

"हसत होतो?" आज विचारलं.

"नाही."

"बरा. हसत होतो म्हटलं असतंस तर माका खरा वाटला नसता. थंय कोण हसात?"

मी घोडचूक करता करता वाचले.

२६ नोव्हेंबर

बाबली आला होता. कंबर पुन्हा धरली आहे. आईने त्याला पडवीच्या पायरीवरूनच परत लावलं! चहा नाही, बसायला सांगणं नाही. "खोटारडो मेलो," असं म्हणाली पाठीमागून. मी कधी तिच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. तो गरीब माणूस वाकडा वाकडा खाडीकडे गेला. लाथ मारायला मी उभीच राहिले.

पुस्तक माळ्यावर टाकलंय. वाचवत नाही.

१० डिसेंबर

सावंतवाडीहून लष्कराच्या गाड्या येताहेत. दोडामार्गच्या बाजूलाही आहेत म्हणे. पोरं वर्गात बसत नाहीत. गोवा सुटणार, सगळे म्हणताहेत.

सहा वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होते. आता तो लांबावा असं वाटतंय. वा रे बाई!

आईने दत्ताचा निळा सदरा काढून गुंड्या लावल्या. मला सुईत दोरा ओवून मागितला. ओवून दिला.

१९ डिसेंबर, मंगळवार

गोवा मुक्त झाला! देवळात घंटा, रस्त्यात गुलाल. शाळा सोडून दिली. मुली नाचत होत्या. मीही टाळ्या वाजवल्या. घरी आले तर आई नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी. "चल, किरणपाण्यार जावया. येतलो आता."

२४ डिसेंबर, रविवार

आई रोज धक्क्यावर. सकाळी सदऱ्याची पिशवी घेऊन जाते, ऊन उतरल्यावर येते. होड्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. पलीकडून माणसं येतात, मिठ्या मारतात, रडतात. ती प्रत्येक दाढीवाल्याकडे बघते. काल एका फकिराला दत्ता म्हणून हाक मारली.

बाबली आपली होडी आमच्यापासून लांब लावतो. आई त्याच्याकडे बघत नाही.

आज सांगीन, उद्या सांगीन असं चाललंय. ट्रेनिंग कॉलेजात पहिली आलेली बाई! डॉक्टरला लाथ मारायला निघाली होती! शरम वाटते. भीतीही वाटते. आणि खरं सांगू? तिच्याबरोबर उभी राहून मीही दाढ्या बघते. माझ्या तोंडची दाढी, मीच लावलेली, आणि मीच शोधते आहे.

२८ डिसेंबर

आईला ताप. तरी गेली. मी शाळेत रजा टाकून तिच्याबरोबर. वारा फार होता.

३१ डिसेंबर, रविवार

आज धक्क्यावरच आईने विचारलं. पाण्याकडे बघत.

"बाबलीन माका तेव्हाच सांगितल्यान. कसो पडलो, खंय पडलो, सगळा. मी तेव्हाच रडान घेतलंय, जानके. तूच थांबलेलंस. म्हणान अंजन. तू बघशीत, काय दिसाचा नाय, तुझ्याच तोंडान नाय म्हणशीत, आणि मगे दोघांनी मिळान तेचा काय ता क्रियाकर्म करूया — इतक्याच माका होया होता." तिने पिशवी मांडीवर ओढली. "पण तू देवाक मानणस नाय. खोटा बोलणस नाय. तू दिसलो म्हटलंस. मी म्हटलंय, बाबलीच चुकलो असात. तुका खराच दिसलो काय गो?"

"नाय गो आये," मी म्हटलं. "नुसता काजळ दिसला."

तिने माझा हात ओढून घेतला आणि पदराने अंगठ्याचं नख पुसत बसली. त्यावर आता काही नव्हतं तरी. मग बाबलीला हाक मारली, जवळ बसवलं, आणि पिशवीतला सदरा त्याच्याकडे दिला, होडीत नीट ठेवायला.

उद्या तो आम्हाला पलीकडे नेणार आहे. जागा त्याला ठाऊक आहे.